दोन नद्या, एक वर्ग: भूगोलाच्या प्राध्यापकांनी परदेशी सहकार्याला सुरुवात कशी करावी

१४ जुलै २०२१च्या रात्री पश्चिम जर्मनीतल्या आर नदीला पूर आला. जेमतेम ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीची ही नदी द्राक्षमळ्यांच्या उतारांमधून वाट काढत ऱ्हाइनला मिळते. एका रात्रीत तिच्या खोऱ्यात १३०हून अधिक माणसं गेली. आठवडाभराने, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि बाजारपेठ बुडाली. त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली.

आर खोऱ्याला लागूनच असलेल्या बॉनच्या विद्यापीठात भूगोलाचा मोठा विभाग आहे. इकडे कोकणात, कोल्हापूर-सांगलीत कितीतरी महाविद्यालयांत पदवीला भूगोल शिकवला जातो. एकाच महिन्यात आपापली नदी अंगावर आलेल्या अशा दोन वर्गांनी एकमेकांना काय विचारलं असतं? परदेशी सहकार्याचा विचार करताना मला नेहमी हा प्रश्न आधी सुचतो, आणि पुढचा सगळा लेख त्याच्या भोवती बांधला आहे. जोडीदार जर्मनीचाच हवा असं नाही. पण मोघम सल्ल्यापेक्षा एक खरी जोडी डोळ्यांसमोर असली की काम कळतं.

हा लेख ज्यांनी असं काही कधीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे. संलग्न महाविद्यालयात शिकवणारे, हाताशी एक संगणककक्ष आणि बरं इंटरनेट असणारे, परदेशात ओळख नसलेले.

करार नंतर, प्रश्न आधी

आपल्याकडे सहकार्य म्हटलं की आधी सामंजस्य करार आठवतो. प्राचार्यांना तो हवा असतो, आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) तो हवा असतो, कारण महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात सहयोगाची नोंद करावी लागते. त्यात गैर काही नाही. पण कोऱ्या करारावर आधी सह्या झाल्या आणि काम मागून शोधायचं ठरलं, तर बहुतेक वेळा ते काम सापडत नाही. दोन्ही बाजूंचे कुलसचिव, विधी विभाग, नमुने यांतच वर्ष निघून जातं आणि शिकवणारी दोन माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत.

उलट क्रमाने जा. एक प्रश्न घ्या, एक शिक्षक शोधा, चार आठवड्यांचा एक संयुक्त उपक्रम करा. त्यासाठी विभागप्रमुखांची संमती आणि प्राचार्यांचं साधं परवानगीपत्र पुरतं. काम झालं की करारात लिहायला खरा मजकूर मिळतो, आणि समोरचं विद्यापीठही अशा करारावर लवकर सही करतं.

अशा संयुक्त वर्गांची पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. जगभर ती आता ‘कॉइल’ (कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग) या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या अभ्यासक्रमातला एक भाग एकत्र शिकवतात, विद्यार्थी मिश्र गटांत काम करतात, कोणी विमानात बसत नाही. भूगोलाला ही पद्धत इतर विषयांपेक्षा जास्त मानवते, कारण ‘तिकडे कसं आहे’ हा आपल्या विषयाचा मूळ प्रश्नच आहे.

प्रश्न कसा निवडायचा

इथे घाई करू नका. सहकार्य टिकणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

माझी कसोटी एकच आहे: दोन्ही वर्गांना स्वतःच्या गावाबद्दल उत्तर द्यावं लागतं का? ‘भारतातील पुरांचा अभ्यास’ असा विषय घेतला तर आपले विद्यार्थी माहिती गोळा करणारे होतात आणि तिकडचे विश्लेषण करणारे. त्यांचं गाव अभ्यासाचा विषय होतच नाही. अशी विभागणी एकदा रुळली की ती मोडत नाही. पुढे शोधनिबंधाच्या लेखकयादीतही तीच उतरते. म्हणून पहिल्याच दिवशी तिकडच्या वर्गालाही त्यांच्या नदीच्या काठावर उभं करणारा प्रश्न हवा.

आर आणि वाशिष्ठीचंच बघा. आर खोऱ्यात त्या दिवशी पाऊस किती पडला? बऱ्याच ठिकाणी साधारण १०० ते १५० मिलिमीटर. हा आकडा कोकणातल्या विद्यार्थ्यासमोर ठेवा. जुलैमध्ये इतका पाऊस त्याने कितीदा पाहिलेला असतो, शाळेला सुट्टीसुद्धा मिळत नाही. मग तेवढ्याच पावसाने तिकडे गावंच्या गावं कशी वाहून गेली? इथून खरा भूगोल सुरू होतो. आधीच्या पावसाने जमीन पाणी पिऊन तुडुंब होती. दरी अरुंद, उतार तीव्र, घरं थेट काठाला. वाहून आलेली झाडं, गाड्या पुलांच्या कमानींत अडकली, पुलामागे पाणी तुंबलं आणि पूल फुटल्यावर ते एकदम सुटलं.

आता उलट बाजूने बघा. जर्मन विद्यार्थ्याला ५९४ मिलिमीटर हा आकडा आधी छपाईची चूक वाटेल. त्याच्या देशात बऱ्याच भागांत वर्षभरात साधारण तेवढाच पाऊस पडतो. तो विचारेल: एवढा पाऊस नेहमीचा असेल, तर तुमचं शहर त्याच्या तयारीने का बांधलेलं नाही? आपल्या विद्यार्थ्याला मग गोवळकोटच्या खाडीतून आत येणारी भरती, नदीत साठलेला गाळ, पूरमैदानावर वाढलेली बाजारपेठ, हे सगळं मांडावं लागेल. आणि कोयनेचं प्रकरण समजावताना तर नकाशाच काढावा लागेल: कृष्णा खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून वीजगृहांत उतरतं आणि कोळकेवाडीमार्गे पश्चिमवाहिनी वाशिष्ठीत येतं. हे घरच्या नदीचं वैशिष्ट्य आपल्या मुलांना पाठ असतं, पण परक्याला सांगायची वेळ आली की त्यांना ते पहिल्यांदा नीट कळतं.

आणखी एक धागा दोन्हीकडे आहे, पूररेषेचा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषेचा. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. २०२१ नंतर या रेषांवरून चिपळुणात मोठा वाद झाला. रेषेच्या आत ज्यांची दुकानं-घरं आली त्यांनी विरोध केला. जर्मनीतही शंभर वर्षांच्या पुराचे अधिकृत नकाशे होते. पण आर नदीचे ते नकाशे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोजणीवर बेतलेले होते. १८०४ आणि १९१० साली त्या नदीला आलेले प्रचंड पूर त्या हिशोबात धरलेच नव्हते, आणि २०२१चं पाणी नकाशावरच्या रेषा ओलांडून गेलं. किती वर्षांच्या नोंदींवर ‘शंभर वर्षांचा पूर’ काढायचा, रेषा कोण ओढतं, तिची किंमत कोण मोजतं, हे प्रश्न दोन्ही काठांवर सारखेच जिवंत आहेत.

पूर नको असेल तर दुसरे विषय आहेत. शहरातली उष्णता, किनाऱ्याची धूप, भाजीबाजार, स्थलांतरित मजूर, पिण्याचं पाणी. कसोटी तीच ठेवा.

जोडीदार कुठे भेटतो

आंतरराष्ट्रीय भूगोल संघाची स्थापना १९२२ साली ब्रुसेल्सला झाली. दर चार वर्षांनी त्याची मोठी परिषद भरते. १९६८ची दिल्लीला झाली होती आणि त्या वेळी संघाचे अध्यक्ष कोलकात्याचे भूगोलतज्ज्ञ शि. प्र. चॅटर्जी होते. पण नवख्या माणसाला ती महापरिषद तेवढी उपयोगी नाही. उपयोगी आहेत संघाचे विषयवार आयोग: भूगोल शिक्षणाचा, आपत्ती आणि जोखमीचा, हवामानशास्त्राचा, असे अनेक. बहुतेकांची सदस्य-यादी असते आणि त्यात नाव घालायला अध्यक्षांना किंवा सचिवांना इमेल केला की झालं. तिथे येणारी निवेदनं वाचत राहिलात तर सहा महिन्यांत कोण काय करतंय ते कळू लागतं.

शिकवण्यात रस असेल तर आणखी एक जाळं आहे: इंटरनॅशनल नेटवर्क फॉर लर्निंग अँड टीचिंग जिऑग्रफी इन हायर एज्युकेशन, थोडक्यात आयएनएलटी. १९९९ साली होनोलुलूमध्ये ते सुरू झालं. त्यांची एक रीत मला फार आवडते. वेगवेगळ्या देशांतल्या चार-सहा शिक्षकांचा गट करायचा, एक विषय द्यायचा, परिषदेच्या आधी काही महिने त्यांनी इमेलवर एकत्र लिहायचं आणि प्रत्यक्ष भेटीत तो मसुदा पुरा करायचा. अशा गटांचे बरेच लेख जर्नल ऑफ जिऑग्रफी इन हायर एज्युकेशन या नियतकालिकात आले. ते १९७७ पासून निघतं आणि विद्यापीठात भूगोल शिकवण्याबद्दलच आहे. त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा. क्षेत्रभेट, नकाशावाचन, गटकाम यांवर लिहिणारी माणसं तिथे सापडतात, आणि त्यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता मोठ्या नावाच्या संशोधकाला लिहिलेल्या पत्रापेक्षा पुष्कळ जास्त असते.

जोडीदार निवडताना माझा एक आग्रह आहे. पहिल्या वेळी इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा देशातला वर्ग घ्या. जर्मनी, जपान, ब्राझील, इंडोनेशिया, पोलंड, कोणताही. दोन्हीकडची मुलं इंग्रजीत सारखीच अडखळतात आणि आपली मुलं गप्प बसत नाहीत.

पहिलं पत्र

पन्नास जणांना एकच ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ पाठवू नका. तीन जणांना तीन वेगळी पत्रं लिहा. पत्र एका पडद्यावर मावेल एवढंच असावं आणि त्यात तुमच्या पदव्यांची यादी नको. पाठवाल इंग्रजीत, पण आशय साधारण असा:

‘प्रिय डॉ. अमुक, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भूगोल शिकवते. पूर-नकाशे विद्यार्थ्यांकडून तपासून घेण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. जुलै २०२१ मध्ये तुमच्या भागात आणि आमच्या भागात आठवड्याच्या अंतराने पूर आले. जानेवारीत चार आठवडे दोन्ही वर्गांनी आपापल्या गावातल्या पूरखुणा मोजून एकमेकांशी ताडून पाहाव्यात असं मनात आहे. माझ्या वर्गात पंचवीस विद्यार्थी आहेत. यासाठी कोणताही निधी किंवा करार लागणार नाही. वीस मिनिटं ऑनलाइन बोलता येईल का?’

या पत्रात समोरच्याला हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे, हे त्याचं बळ. दोन आठवडे थांबा, एकदाच आठवण करा, मग दुसऱ्याकडे वळा. ऑगस्टमध्ये आणि नाताळाच्या आसपास युरोपात पत्र पाठवलं तर ते इतर पत्रांच्या ढिगात दबतं. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात चांगली.

पहिल्या बोलण्यात तीन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या वर्गात किती जण, हा उपक्रम त्यांच्या गुणांत धरला जाणार का, आणि तुमचा वर्ग कोणत्या तारखेला संपतो. उरलेलं नंतर ठरतं.

वेळापत्रक

सगळ्यात जास्त उपक्रम इथे बुडतात. आपलं पहिलं सत्र जून-जुलैत सुरू होऊन दिवाळीच्या आसपास परीक्षेत संपतं. दुसरं डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल. जर्मनीत हिवाळी सत्राच्या तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि उन्हाळी सत्राच्या एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. म्हणजे त्यांचं सत्र रंगात येतं तेव्हा आपल्याकडे परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. दोन्हीकडे वर्ग नीट भरलेले असतात असा काळ उरतो जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तो पकडा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, अमेरिकेचं ऑगस्टच्या शेवटी. तिथे ही सांधेजोड वेगळी पडेल. अमेरिकेसोबत सप्टेंबर बरा जातो.

घड्याळाचं म्हणाल तर हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन तास. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं बदलतात. जानेवारीत आपल्या दुपारी अडीचला तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. दोन्हीकडे कॉलेजच्या वेळेत बसणारी ही वेळ आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो, म्हणजे एकाला रात्र नाहीतर पहाट घ्यावीच लागते. ती प्रत्येक वेळी आपल्याच मुलांच्या वाट्याला येणार नाही हे आधीच बोलून घ्या.

प्रत्यक्ष एकत्र बसणं चार आठवड्यांत दोनदाच ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी. बाकीचं काम ज्याने त्याने आपल्या सोयीने करायचं. वीज गेली, इंटरनेट गेलं, एसटी चुकली, तरी काम थांबत नाही.

चार आठवडे

पहिल्या आठवड्यात ओळख. पण ‘तुझा छंद काय’ अशी नको. प्रत्येक विद्यार्थ्याने एका सामायिक ऑनलाइन नकाशावर आपलं घर आणि घराजवळची नदी किंवा ओढा यांची खूण करायची (घराची जागा नेमकी न देता गाव किंवा वाडी द्या) आणि त्या पाण्याबद्दल पाच ओळी लिहायच्या. चार-पाच जणांचे मिश्र गट याच आठवड्यात पाडा. त्यांचा स्वतःचा गप्पांचा गट होईलच. व्हॉट्सॲपवर होईल, त्यात तुम्ही शिरू नका.

दुसरा आठवडा संगणकावरचा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. मोफत उंची-प्रतिमानावरून (दर तीस मीटरच्या चौकटीला जमिनीची एक उंची देणाऱ्या संगणकीय माहितीवरून) दोन्ही गटांनी दोन्ही नद्यांचं पाणलोट क्षेत्र आखायचं, उताराचे नकाशे करायचे, नदीची लांबछेद-आकृती (उगमापासून मुखापर्यंतच्या उताराची) काढायची. एकाच मापात, शेजारी शेजारी. मुलांना एक गोष्ट ठणकावून सांगा: या प्रतिमानाच्या उंचीत काही मीटरची चूक असते. पाणलोट आखायला ते चालतं. चिपळुणासारख्या सपाट, खाडीकाठच्या शहरात पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलं हे त्यावरून काढायला गेलात तर उत्तर खोटं येईल. पावसासाठी भारतीय हवामान विभागाची पुण्याहून मिळणारी चौकटवार दैनंदिन आकडेवारी आणि जर्मन हवामान सेवेची खुली आकडेवारी वापरा.

उपग्रहाचा मोह प्रत्येकाला होतो. पावसाळी ढगांतून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, सेंटिनेल-१चं रडार ढगांतून बघतं, हे बरोबर. पण तो उपग्रह काही दिवसांच्या अंतराने एकाच जागेवरून जातो आणि असा पूर काही तासांत येऊन ओसरतो. नेमक्या उच्चांकी क्षणाचं चित्र मिळालं तर नशीब.

म्हणून तिसरा आठवडा, माझ्या मते सगळ्यात मोलाचा, प्रत्यक्ष जमिनीवर. भिंतींवर पुराच्या खुणा असतात: चिखलाची रेघ, उडालेला रंग, दुकानदाराने मुद्दाम ओढलेली तारखेची रेषा. चिपळुणात २६ जुलै २००५ची आणि २०२१ची अशा दोन्ही खुणा सांगणारी माणसं भेटतात. आर खोऱ्यातही जुन्या घरांवर, पुलांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा आहेत. विद्यार्थ्यांनी टेपने रस्त्यापासूनची उंची मोजायची, फोनवरून अक्षांश-रेखांश घ्यायचे, खुणेचा फोटो काढायचा आणि ती कोणी व कशावरून सांगितली याची नोंद करायची. नोंदीचा तक्ता दोन्हीकडे अगदी एकच हवा. रकाने आधी ठरवले नाहीत तर चौथ्या आठवड्यात जुळवाजुळवीतच वेळ जातो. ‘खात्री किती’ असा एक रकाना अवश्य ठेवा: डोळ्यांनी पाहिलेली खूण वेगळी आणि ‘साधारण कंबरेएवढं होतं’ हे वेगळं.

माणसांशी बोलताना जपावं लागतं. त्या रात्री ज्यांची माणसं गेली, ज्यांचा आयुष्यभराचा माल चिखलात गेला, त्यांच्यासमोर मुलं वही घेऊन उभी राहणार आहेत. आधी हेतू सांगा, हो म्हणाले तरच विचारा, नाव लिहू नका, चेहऱ्याचा फोटो नको. पाण्याबद्दल विचारा, नुकसानीचा आकडा विचारू नका. एखादी आजी बोलता बोलता थांबली तर वही मिटून तिच्याजवळ बसायचं, एवढं शिकवूनच मुलांना पाठवा. मुलाखत मराठीतच घ्या आणि मराठीतच जपा. तिकडचे जर्मनमध्ये घेतील. इंग्रजीत फक्त गोषवारा जातो.

चौथ्या आठवड्यात प्रत्येक गटाने एकच पान करायचं: दोन नद्यांचे दोन छोटे नकाशे, मोजलेल्या खुणा, आणि ‘या गावात पूररेषा कुठे असावी आणि का’ याचं उत्तर. अट अशी की चिपळूणबद्दलचं उत्तर जर्मन विद्यार्थ्यांनी लिहायचं आणि आर खोऱ्यातल्या गावाबद्दलचं आपल्या विद्यार्थ्यांनी. मग शेवटच्या बैठकीत ज्याचं गाव आहे त्याने त्यावर हरकती घ्यायच्या. ही एक अट सगळा उपक्रम पेलून धरते, ती गाळू नका.

गुण आणि कागद

पहिल्या वर्षी श्रेयांकांच्या भानगडीत पडू नका. अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापन, भूरूपशास्त्र किंवा प्रात्यक्षिकाचा जो पेपर आहे, त्यातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण या कामाला द्या. ते तुमच्या अधिकारात असतं, अभ्यास मंडळाकडे जावं लागत नाही. तिकडच्या शिक्षकाने आपल्या मुलांना गुण द्यायचे नाहीत आणि आपण त्यांच्या मुलांना नाही. फक्त निकषांचा कागद दोघांचा एक असावा. गुणच नसतील तर दुसऱ्या आठवड्यानंतर गट रिकामे होतात.

प्राचार्यांचं परवानगीपत्र, वेळापत्रक, हजेरी, गटांची पानं आणि शेवटी जोडीदार शिक्षकाचं विभागाच्या शीर्षपत्रावरचं पत्र, एवढं एका फायलीत ठेवा. युरोपात विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीबाबत नियम कडक आहेत. बैठकीचं चित्रीकरण करायचं असेल किंवा कॉलेजच्या पानावर फोटो टाकायचा असेल तर आधी विचारा. ते नाही म्हणाले तर राग धरू नका, त्यांच्याकडे तो कायदा आहे.

नकाशा बाहेर जाण्यापूर्वी

भारताची सीमा दाखवणारा कोणताही नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच हवा. नसेल तर तो प्रसिद्ध करणं आपल्या कायद्याने गुन्हा ठरतो. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये येणारी तयार बाह्यरेषा बहुधा तशी नसते. संयुक्त भित्तिपत्रकावर कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायची हौस असेल तर सर्वेक्षण विभागाचीच बाह्यरेषा वापरा. जोडीदाराला हे सुरुवातीलाच समजावून सांगा. खोऱ्यापुरता नकाशा काढलात तर प्रश्नच येत नाही.

दुसरी बाब मोजमापाच्या अचूकतेची. फेब्रुवारी २०२१च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना पुष्कळ मोकळीक दिली. पण आडव्या दिशेने १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यापेक्षा बारीक अचूकतेची माहिती परदेशी संस्थांना इथे गोळा करता येत नाही, आणि अशी माहिती भारतातच साठवावी लागते. फोनवर घेतलेली पूरखुणेची जागा यात बसत नाही, तिला अडचण नाही. पुढे ड्रोनने किंवा अचूक जीपीएसने सर्वेक्षण केलंत, तर ती कच्ची माहिती जोडीदाराच्या सर्व्हरवर चढवण्यापूर्वी नियम वाचा.

लेख लिहायचा झाला तर

दुसऱ्या फेरीनंतर लिहा, पहिल्या नव्हे. लेखकांचा क्रम, कोण कोणता भाग लिहिणार, माहिती कोणाकडे राहणार, हे काम सुरू व्हायच्या आधी एका पानावर लिहून दोघांनी एकमेकांना इमेल करा. संकोच वाटतो, तरी करा. तुमच्या विद्यार्थ्यांनी मोजलेल्या खुणांवर लेख उभा असेल आणि तुमचं नाव फक्त आभारात असेल, तर त्याला सहकार्य म्हणता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने खरंच विश्लेषण केलं त्याचं नाव लेखकांत घाला. आणि मराठीतही लिहा: ज्या दुकानदाराने भिंतीवरची रेघ दाखवली, त्याला वाचता येईल असं काहीतरी त्याच्या गावात परत गेलं पाहिजे. नगरपरिषदेला, ग्रंथालयाला, स्थानिक वर्तमानपत्राला गटांची पानं द्या.

पैसे मागून प्रसिद्धी देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकं आणि हॉटेलात भरणाऱ्या परिषदा यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे मिळालेल्या प्रमाणपत्राने वर्गात काहीच बदलत नाही.

पैसा आणि प्रवास

दोन फेऱ्या झाल्यावर प्रत्यक्ष भेटीचा विचार करा. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या देवाणघेवाणीसाठी अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं, आपण नाही. म्हणून जोडीदाराला त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारायला सांगा. जर्मनीसाठी डीएएडीची (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेची) एक ते तीन महिन्यांची संशोधन-भेट असते, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू पाठ्यवृत्त्या. परदेशी शिक्षकाला इथे बोलावून छोटा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची २०१५ पासूनची ‘ज्ञान’ योजना पाहा. परदेशातून पैसा थेट तुमच्या संस्थेच्या खात्यात येणार असेल तर विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी आहे का हे संस्थेच्या लेखापालाला आधी विचारा, पैसा आल्यावर नव्हे.

पाहुणा येणार असेल तर त्याला तीन गोष्टी लेखी कळवा. पर्यटक व्हिसावर क्षेत्रकाम करू नये. कामाला साजेसा व्हिसा घ्यावा. सामानात ड्रोन आणू नये. आणि उपग्रह-फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं यंत्र परवानगीशिवाय आणू नये. युरोपात ते डोंगरात सर्रास वापरतात, आपल्याकडे त्यापायी विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. भेटीची तारीख जुलैच्या उत्तरार्धातली ठरवा, तिकडच्या तासिका तोवर संपलेल्या असतात. आपलं सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, नदी भरलेली असते, आणि तिकडच्या शिक्षकाला १५० मिलिमीटरचा साधा कोकणी दिवस छत्री घेऊन बघता येतो. परतभेटीला तुम्ही जाल तेव्हा तुमच्या मुलांनी तिकडच्या गावासाठी लिहिलेली पूररेषेची पानं सोबत न्या आणि ती तिथल्या नगरपालिकेत दाखवायची वेळ जोडीदाराकडून आधीच मागून घ्या.